मालाचे मूळ आणि कष्टाचे मोल

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. आंतरराष्ट्रीय व्यापारात मात्र मालाचे मूळ विचारल्यावाचून जकातीच्या सवलतीचे एक पोतेही बंदराबाहेर पडत नाही. दोन देशांनी आपसांत मुक्त व्यापाराचा करार केला की एकमेकांच्या मालावरील जकात कमी होते किंवा साफ उठते. पण एकमेकांचा माल म्हणजे कोणता? मलेशियातील पामतेल श्रीलंकेत आणून, त्याचे वनस्पती तूप करून भारतात पाठविले, तर तो माल कोणाचा? ब्राझीलचे सोयातेल नेपाळात शुद्ध केले तर? चिनी कापड ढाक्यात शिवले तर? या प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या कलमांना मूळ देशाचे नियम म्हणतात. करारावर सह्या होतात तेव्हा मंत्र्यांचे हस्तांदोलन वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकते. हे नियम मात्र कराराच्या मागील जोडपत्रांत, बारीक अक्षरांत, पानेच्या पाने पसरलेले असतात. कामगार ते वाचीत नाहीत, शेतकरी वाचीत नाहीत, बहुतेक लोकप्रतिनिधीही वाचीत नाहीत. कंपन्यांचे सल्लागार मात्र ते ओळन् ओळ वाचतात. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन एवढेच की, ते जे वाचतात ते आपणही वाचावे.

अशा मजकुराचे मराठी भाषांतर करावयास बसले की पहिली अडचण शब्दाचीच येते. ‘उगम’ म्हणावे तर नदीच्या उगमासारखे एकच एक ठिकाण डोळ्यांपुढे येते. ‘उत्पत्ती’ म्हणावे तर वस्तू जेथे घडली ती जागा अभिप्रेत होते. ‘मूळ’ म्हणावे तर झाडाच्या मुळाप्रमाणे काही खोल, न बदलणारे सूचित होते. नियमांचा आशय या तिन्ही शब्दांत नीट मावत नाही, आणि याचे कारण भाषेत नसून नियमांतच आहे. या नियमांच्या लेखी मूळ ही वस्तूची जन्मकथा नव्हे. तो ठराविक कसोट्या उतरल्यावर वस्तूला बहाल केला जाणारा दर्जा होय. जो दर्जा मिळविता येतो, तो मिळवून देणारेही असतात, आणि त्याची किंमत वसूल करणारेही असतात.

तीन कसोट्या

जो माल एकाच देशात पूर्णतः निपजतो त्याचे काही अवघड नाही. शेतात पिकलेला गहू, खाणीतून निघालेले खनिज, तेथेच जन्मून वाढलेले जनावर, यांचे मूळ उघड असते. परंतु आजच्या कारखानदारीत एका वस्तूत चार देशांचा कच्चा माल आणि तीन देशांचे श्रम मिसळलेले असतात. अशा मालासाठी ‘पुरेसे रूपांतर’ झाले पाहिजे, असे तत्त्व सांगितले जाते. ते झाले की नाही हे ठरविण्याच्या कसोट्या ढोबळमानाने तीन आहेत.

पहिली कसोटी वर्गीकरणाची. जगातील यच्चयावत मालाची एक सामाईक सूची १९८८ पासून अमलात आहे. तीत प्रत्येक प्रकरणाला दोन अंकी, प्रत्येक शीर्षकाला चार अंकी आणि प्रत्येक उपशीर्षकाला सहा अंकी क्रमांक आहे. आयात केलेला कच्चा माल एका शीर्षकाखाली आणि तयार माल दुसऱ्या शीर्षकाखाली येत असेल, तर रूपांतर झाले असे मानतात. दुसरी कसोटी प्रक्रियेची: अमुक एक काम, उदाहरणार्थ सूतकताई, विणकाम किंवा शिवण, त्या देशातच झाले पाहिजे. तिसरी कसोटी मूल्यवर्धनाची: मालाच्या निर्यात किमतीतून परक्या कच्च्या मालाची किंमत वजा करावयाची, आणि उरलेली रक्कम निर्यात किमतीच्या अमुक टक्के भरली पाहिजे.

ही तिसरी कसोटी दिसावयास सर्वांत न्याय्य दिसते, म्हणून तिचा हिशेब मांडून पाहू. एका वस्तूत ६५ रुपयांचा परका माल आहे आणि करारानुसार मूल्यवर्धन ३५ टक्के हवे आहे. कंपनीने ती वस्तू ९५ रुपयांना विकली, तर मूल्यवर्धन ३० रुपये, म्हणजे सुमारे ३१.६ टक्के होते. सवलत नाकारली जाते. आता तीच कंपनी तीच वस्तू सीमेपलीकडील आपल्याच भगिनी कंपनीला १०० रुपयांना विकल्याचे बीजक करते. मूल्यवर्धन ३५ रुपये, म्हणजे ३५ टक्के झाले; सवलत मिळाली. मालात एक टाकाही अधिक पडला नाही, एकाही कामगाराचा घाम अधिक गळला नाही, तरी मालाचे राष्ट्रीयत्व बदलले. एरवी किंमत फुगविली तर जकातही वाढते, म्हणून व्यापारी किंमत दडवितो. येथे सवलतीमुळे जकात शून्यच होणार असते. मग किंमत फुगविण्यात त्याचे काय जाते? जकात खात्याला अशा किमती तपासण्याचा अधिकार असतो हे खरे. पण ज्या वहीत खरा हिशेब असतो ती वही परदेशातील कारखान्याच्या कपाटात असते.

याहूनही मूलभूत प्रश्न निराळाच आहे. त्या ३५ रुपयांत काय काय येते? मजुरी येते, वीज येते, जागेचे भाडे येते, व्याज येते, आणि नफाही येतो. त्यांपैकी मजुरी २० रुपये आहे की ५ रुपये, हे हा नियम विचारीत नाही. नफा हाही त्याच्या लेखी ‘देशात वाढविलेले मूल्य’च. मूल्य कोणाच्या श्रमाने वाढले हा अर्थशास्त्राचा जुना प्रश्न या नियमांनी टक्केवारीत गडप करून टाकला आहे.

सर्व देशांसाठी मूळ ठरविण्याची एकच पद्धत असावी, असा प्रयत्न झाला नाही असे नाही. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली तेव्हा सवलतीबाहेरील सामान्य व्यापारासाठी तीन वर्षांत असे सामाईक नियम तयार करण्याचे ठरले होते. ते काम अद्याप पुरे झालेले नाही. सवलतीच्या करारांबाबत तर प्रत्येक कराराचे नियम निराळे. अनेक करारांच्या अनेक जोडपत्रांतून आपल्याला सोयीची वाट काढणे हा मोठ्या कंपन्यांच्या नियोजनाचा आता नित्याचाच भाग झाला आहे.

तेलाचा वळसा

या वाटा कशा निघतात याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. भारताला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. त्यावरील जकात कधी जबर तर कधी नाममात्र असते. जकात जबर असली की शेजारच्या देशातून सवलतीने तेल आणण्यातील लाभ वाढतो.

भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार १९९८ च्या डिसेंबरात झाला आणि २००० च्या मार्चपासून अमलात आला. त्याची अट अशी की, मालाचे चार अंकी शीर्षक बदलले पाहिजे आणि श्रीलंकेत किमान ३५ टक्के मूल्यवर्धन झाले पाहिजे. कच्च्या मालात भारतीय माल पुरेसा असेल तर २५ टक्केही चालेल. पामतेलाचे शीर्षक १५११, वनस्पती तुपाचे १५१६. म्हणजे तेल गोठविले की शीर्षक बदलले! भारतात पामतेलावर मोठी जकात होती, श्रीलंकेत कमी. पाहता पाहता श्रीलंकेत वनस्पती तुपाचे कारखाने उभे राहिले, आणि त्यांत भारतीय भांडवलही उतरले. तांब्याचेही असेच झाले: मोडीचे तांबे श्रीलंकेत आणावयाचे, वितळवावयाचे आणि भारतात धाडावयाचे. श्रीलंकेची भारताला होणारी निर्यात काही वर्षांत कित्येक पटींनी वाढली. दोन्ही सरकारांनी ते कराराचे यश म्हणून मिरविले. त्या यशाचा मोठा हिस्सा या दोन जिनसांचा होता. पुढे भारतातील उत्पादकांनी ओरड केली आणि २००६ च्या सुमारास वनस्पती तूप व तत्सम मालावर वर्षाला अडीच लाख टनांची मर्यादा घालण्यात आली. २००८ साली महागाईच्या भीतीने भारताने कच्च्या खाद्यतेलावरील जकातच शून्यावर आणली, आणि त्या कारखान्यांच्या अस्तित्वाचे कारणच नाहीसे झाले. ज्या उद्योगाचा पाया पिकात नाही, कौशल्यात नाही, केवळ दोन देशांच्या जकातींतील अंतरात आहे, तो उद्योग त्या अंतराबरोबरच संपतो. मालक आपले भांडवल दुसरीकडे नेतो. कामगार मागे राहतो.

नेपाळची कथा याहून जुनी आहे. १९९६ च्या व्यापार करारात भारताने मूल्यवर्धनाची अटच काढून टाकली. नेपाळात तयार झाल्याचे प्रमाणपत्र पुरेसे ठरले. लगोलग वनस्पती तूप, ॲक्रिलिक सूत, तांब्याचा माल आणि झिंक ऑक्साइड यांचा लोंढा सुरू झाला. २००२ साली करार नव्याने झाला तेव्हा मूल्यवर्धनाची अट परत आली आणि या चार जिनसांवर वार्षिक मर्यादा आल्या. वनस्पती तुपाची मर्यादा एक लाख टन होती. त्यानंतर दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार आला. त्यात नेपाळसारख्या अल्पविकसित देशांसाठी मूल्यवर्धनाची अट ३० टक्क्यांची आहे. पुढे असा दिवस आला की, ज्या देशात पामची शेती नाही त्या देशाच्या निर्यातीत पामतेल अग्रस्थानी जाऊन बसले. कच्चे पामतेल आणि शुद्ध पामतेल दोन्ही १५११ या एकाच शीर्षकाखाली येतात. तेव्हा केवळ शुद्धीकरणाने तेलाचे मूळ बदलते काय, ही शंका रास्तच होती. २०२० च्या जानेवारीत भारताने शुद्ध पामतेलाच्या आयातीवर निर्बंध घातले, आणि २०२१ मध्ये ते पुन्हा सैल केले.

२०२४ च्या सप्टेंबरात हेच चक्र पुन्हा फिरले. त्या महिन्यात केंद्र सरकारने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ जकात शून्यावरून २० टक्क्यांवर आणि शुद्ध तेलावरील १२.५ टक्क्यांवरून ३२.५ टक्क्यांवर नेली. सोयाबीनचा भाव पडला होता, शेतकरी संतप्त होता आणि महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. लातूरपासून इंदूरपर्यंतच्या बाजारपेठांत शेतकऱ्याला त्याहून कमी भावाने माल विकावा लागत होता. जकात वाढली आणि पाठोपाठ नेपाळातून शुद्ध सोयातेलाची आवक उसळली. ते तेल नेपाळच्या शेतातले नव्हते. कच्चे तेल दक्षिण अमेरिकेसारख्या दूरच्या मुलुखातून जहाजाने कोलकात्याच्या बाजूला यावयाचे, भारताच्या भूमीवरून नेपाळात जावयाचे, तेथे शुद्ध होऊन पुन्हा भारतात उतरावयाचे. हा वळसा भूगोलाने शिकविलेला नव्हे, जकातीच्या तक्त्याने शिकविलेला आहे. २०२५ च्या मे महिन्याअखेर सरकारने कच्च्या तेलावरील जकात पुन्हा १० टक्क्यांवर उतरविली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सोयाबीनचे भाव केवळ नेपाळमार्गे आलेल्या तेलाने पडले, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. बहुतेक तेल थेट आपल्या बंदरांतूनच येते, आणि सोयाबीनच्या भावात पेंडीच्या निर्यातीचा वाटाही मोठा असतो. त्याचप्रमाणे या प्रकरणात नेपाळी जनतेला दोषी धरणे हे अन्यायाचे आणि आपल्या चळवळीला न शोभणारे ठरेल. नेपाळच्या शेतकऱ्याचा एक दाणाही या तेलात नाही. शुद्धीकरणाच्या यंत्रावर हात लागतात ते मोजकेच. जो लाभ होतो तो जकातीतील अंतराचा, आणि तो तेलाचे कारखानदार व सीमेच्या दोन्ही बाजूंचे व्यापारी वाटून घेतात. “निदान ग्राहकाला तेल स्वस्त मिळते ना?” असे विचारले जाते. त्याला उत्तर हे की, सरकारला ग्राहकासाठी तेल स्वस्त करावयाचे असेल तर रेशन दुकानातून ते करता येते आणि त्याचा हिशेब संसदेत मागता येतो. वळशाच्या व्यापारात सरकारी खजिन्याने सोडलेली रक्कम कोणाच्या खिशात किती गेली, याचा हिशेब कोणीही देत नाही.

कापड कोठले, शिवण कोठली

तेलाच्या या कथेवरून कोणी असे म्हणेल की, नियम कडक केले म्हणजे प्रश्न सुटला. तसे नाही. हे समजण्यासाठी बांगलादेशाकडे वळावे लागेल, आणि त्याआधी थोडे इतिहासात जावे लागेल.

१९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेचे दुसरे अधिवेशन नवी दिल्लीत भरले. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांच्या आग्रहामुळे तेथे असा ठराव झाला की, श्रीमंत देशांनी गरीब देशांच्या मालाला परतफेडीची अपेक्षा न ठेवता जकातीत सवलत द्यावी. सत्तरच्या दशकात या सवलती सुरू झाल्या. पण सवलत देणाऱ्या प्रत्येक देशाने मूळ देशाचे नियम मात्र आपले आपण लिहिले. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याची सोय त्यात होती. शिवाय सवलत हे दान असल्याने ती केव्हाही परत घेता येते. अमेरिकेने २०१९ च्या जूनमध्ये भारताची ती सवलत एका आदेशासरशी बंद केली.

युरोपीय संघाने २००१ पासून अल्पविकसित देशांना शस्त्रे सोडून सर्व मालावर जकातमाफी दिली. कपड्यांबाबत अट मात्र अशी होती की, दोन टप्पे त्या देशात झाले पाहिजेत: नुसते शिवून भागणार नाही, कापडही तेथेच विणलेले हवे. बांगलादेशात होजिअरीचे कापड होत होते, पण यंत्रमागाचे कापड गरजेइतके होत नव्हते. त्यामुळे शर्ट-विजारी शिवणाऱ्यांना सवलत असून नसल्यासारखी होती. २०११ पासून युरोपने अल्पविकसित देशांसाठी एकच टप्पा पुरेसा मानला. परके कापड आणून शिवले तरी चालेल असे ठरले. बांगलादेशाची निर्यात वाढली, लाखो स्त्रियांना काम मिळाले. तेव्हा सैल नियम म्हणजे सदैव लबाडी, असे म्हणता येत नाही. गरीब देशाकडे कापसापासून बटणापर्यंत सारे काही असलेच पाहिजे, असा हट्ट धरणारा कडक नियम हाही श्रीमंत देशाच्या गिरणीमालकाचे रक्षणच करीत असतो.

पण कथा येथे संपत नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील सावार येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे तिच्याखाली गेली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे दिसले होते. तरी कामगारांना कामावर बोलाविण्यात आले. त्या इमारतीत जे कपडे शिवले जात होते त्यांच्या मूळ देशाविषयी नियमांना काडीमात्र शंका नव्हती. शिवण बांगलादेशात झाली काय? झाली. नियमाचे समाधान झाले. शिवण कोणत्या छपराखाली झाली, किती तास झाली, किती टाक्यांत झाली, हे विचारण्यास त्या कागदावर रकानाच नाही.

म्हणजे नियम कडक असला तर एका देशाचा कारखानदार सुखावतो, सैल असला तर दुसऱ्या देशाचा. प्रश्न कडक की सैल हा नाहीच. नियम मोजतो काय, हा प्रश्न आहे.

मोटारीच्या किमतीतील मजुरी

मजुरी मोजता येत नाही म्हणून ती वगळली आहे, असे तज्ज्ञ सांगतील. हा युक्तिवाद खोटा आहे, आणि तो खोटा असल्याचा पुरावा खुद्द अमेरिकेने दिला आहे. अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांच्यात १९९४ पासून अमलात असलेल्या नाफ्टा करारात मोटारींसाठी ६२.५ टक्के मूल्य तिन्ही देशांतील असावे अशी अट होती. तिची मोजणी नफा वगळून निव्वळ खर्चावर करण्याची पद्धत त्या करारातच होती. १ जुलै २०२० पासून त्याच्या जागी नवा करार आला. त्यात हे प्रमाण ७५ टक्के झाले. आणि प्रथमच अशी अट आली की, मोटारीच्या मूल्याचा ४० टक्के आणि मालवाहू गाडीच्या मूल्याचा ४५ टक्के भाग तासाला सरासरी किमान १६ डॉलर मजुरी देणाऱ्या कारखान्यांतून आलेला असावा. म्हणजे मनात आणले तर मजुरीचा रकाना कागदावर येऊ शकतो!

अर्थात ही अट मेक्सिकोच्या कामगाराच्या प्रेमापोटी घातलेली नव्हती. मेक्सिकोतील मजुरी १६ डॉलरांच्या कितीतरी खाली असल्याने काम उत्तरेकडे खेचावे, हा तिचा हेतू होता. ती मजुरी महागाईबरोबर वाढत जावी अशी तरतूदही केलेली नाही. आणि कंपन्यांनी पळवाटा काढण्यास विलंब लावला नाही. एखादा मुख्य भाग, जसे इंजिन, स्वतःपुरता ७५ टक्क्यांची अट पुरी करीत असेल, तर पूर्ण मोटारीच्या हिशेबात तो १०० टक्के स्वदेशी धरावा की नाही, यावर वाद झाला. १०० टक्के धरावा, ही मेक्सिको व कॅनडाची भूमिका लवादाने मान्य केली; तो निर्णय २०२३ च्या जानेवारीत जाहीर झाला. अनेक कंपन्यांनी तर आधीपासून आणखी सोपा हिशेब केला होता. अमेरिकेत मोटारीवरची सामान्य जकात केवळ २.५ टक्के होती. कागदपत्रे सांभाळण्यापेक्षा ती भरलेली काय वाईट?

२०२५ साली या सर्व व्यवहाराचे मर्म उघड्यावर आले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये अमेरिकेने मेक्सिको व कॅनडाच्या मालावर २५ टक्के जादा जकात लादली, आणि तीनच दिवसांत करारातील मूळ-नियम पुरे करणाऱ्या मालाला तीतून सूट दिली. तोवर या दोन देशांतून अमेरिकेत जाणाऱ्या मालापैकी निम्म्याहूनही कमी माल कराराची सवलत मागत असे. आता ज्यांनी कधी प्रमाणपत्राची फिकीर केली नव्हती ते सारे धावत सुटले आणि काही महिन्यांत हे प्रमाण झपाट्याने वाढले. तोच माल, तेच कारखाने, तेच कामगार. कागद तेवढा नवा. मूळ हे वस्तूत नसते, ते हिशेबात असते, याचा याहून स्वच्छ दाखला मिळणार नाही.

आपल्याकडील कागद

भारत सरकारलाही या गोष्टींची जाणीव नाही असे नव्हे. २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला आणि आयात सोन्यावरचा एक जादा कर त्यात विलीन झाला. उरली ती १० टक्के जकात. दक्षिण कोरियाशी असलेल्या करारामुळे तेथील सोन्याच्या नाण्यांवर व वस्तूंवर तीही लागत नव्हती. पाहता पाहता कोरियातून सोन्याचा ओघ सुरू झाला, आणि ऑगस्टअखेर सरकारला निर्बंध घालावे लागले.

२०२० साली सीमाशुल्क कायद्यात २८ डीए हे कलम घालण्यात आले आणि त्या वर्षीच्या २१ सप्टेंबरपासून नवे नियम लागू झाले. त्यांनुसार केवळ परदेशी प्रमाणपत्र पुढे करून चालत नाही. माल कसा तयार झाला, मूल्यवर्धन किती झाले, याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ बाळगावी आणि ती पाच वर्षे जपून ठेवावी, अशी जबाबदारी त्याच्यावर टाकली आहे. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. पण त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्या कंपनीच्या चार देशांत शाखा आहेत तिला हवी ती माहिती आपल्याच घरातून मिळते. छोट्या आयातदाराला परदेशातील पुरवठादार आपला खर्च का सांगेल? निर्यातीतही तेच. इचलकरंजी किंवा मालेगावच्या छोट्या यंत्रमागधारकाने आपल्या ताग्यातील सूत कोणत्या गिरणीचे, त्या सुतातील कापूस वा धागा कोणत्या देशाचा, याचा पुरावा वर्षानुवर्षे सांभाळावयाचा, तर त्यासाठी लागणारा कारकून तो कोठून आणणार? सबब करारातील सवलत कागदोपत्री सर्वांची, व्यवहारात मात्र ज्याच्यापाशी सल्लागार आहे त्याची.

काय मागावयाचे

करार नकोत असे नुसते म्हणून भागत नाही, आणि करारांनी भरभराट होईल या सरकारी प्रचारावर विसंबून तर मुळीच भागत नाही. २०२५ च्या जुलैत भारताने ब्रिटनशी करार केला. अशा करारांची ही अखेर नाही. प्रत्येक वेळी जकात किती उतरली एवढ्यावरच चर्चा होते. आपल्या कामगार व शेतकरी संघटनांनी जोडपत्रांतील नियमांवर बोट ठेवून निश्चित मागण्या केल्या पाहिजेत.

पहिली मागणी: तेलासारख्या शेतीमालाच्या बाबतीत नुसते शुद्धीकरण, गोठवण, मिसळण किंवा डबाबंदी यांनी मूळ बदलता कामा नये. बियाणे शेजारच्या देशात पिकलेले असेल किंवा निदान तेथे गाळलेले असेल, तर सवलत जरूर द्यावी; मग ती त्या देशाच्या शेतकऱ्यापर्यंत आणि घाण्यावरील कामगारापर्यंत पोचेल.

दुसरी: मूल्यवर्धनाच्या हिशेबातून नफा वगळावा आणि मजुरीचा आकडा स्वतंत्रपणे दाखविणे बंधनकारक करावे. नफा वगळून मोजता येते आणि मजुरीची अटही घालता येते, हे उत्तर अमेरिकेच्या करारांनी सिद्ध केलेच आहे. मात्र मजुरीची ही अट दुबळ्या देशाचे काम हिरावण्यासाठी नसावी. प्रत्येक देशातील राहणीमान धरून, संघटनेचे स्वातंत्र्य आणि कामाच्या जागेची सुरक्षितता यांच्याशी ती जोडली जावी.

तिसरी: कोणत्या करारान्वये, कोणत्या मालावर, किती जकात सोडली, याचे आकडे दरवर्षी जिनसवार प्रसिद्ध व्हावेत. हमीभावासाठी पैसा नाही असे सांगणाऱ्या सरकारने सोडून दिलेल्या पैशाचा हिशेब दिला पाहिजे.

चौथी: आपल्या देशात आंतरराष्ट्रीय करारास संसदेची संमती घेणे सरकारवर बंधनकारक नाही. निदान मूळ देशाच्या नियमांचे मसुदे सहीपूर्वी संसदेपुढे आणि संबंधित उद्योगांतील कामगार संघटनांपुढे यावेत, आणि ते भारतीय भाषांत यावेत. सोयाबीन पिकविणाऱ्याला ज्या कलमाचा फटका बसतो ते कलम त्याला वाचताही येऊ नये, ही लोकशाही नव्हे.

या मागण्या रुक्ष वाटतील. मोर्च्यात घोषणा द्यावी असे त्यांत काही नाही, असेही वाटेल. पण वेतनचिठ्ठीतील कपातीचे रकाने तरी कोठे रसाळ होते? ते वाचावयास शिकल्यानेच गिरणीतील कामगार मुकादमाला आणि पेढीवरच्या कारकुनाला जाब विचारू लागला. आज ते रकाने कराराच्या जोडपत्रांत गेले आहेत. ते काढून पाहावेत, युनियनच्या अभ्यासवर्गात मांडावेत, आणि प्रत्येक कलमापुढे एकच प्रश्न लिहावा: यात श्रम कोठे मोजले आहेत?